ओढ्याकडची उतरण

नॉयकिर्श, ११ मे १९९७

प्रिय हेडविग आत्या,

माथ्याच्या गोल वाटेला परवानगी मिळाली. कालच कागदावर सही झाली आणि आज रविवार असूनही मी ऑफिसात बसून तुला लिहिते आहे, कारण हे घरी बसून लिहिण्याइतका धीर मला नाही.

दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल न्यायची नाही हा कायदा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. सायकलवाल्यांनाही पाठ आहे आणि ते रोज मोडतात. मग आपल्या पदभ्रमण मंडळाचे लोक त्यांच्या अंगावर काठ्या उगारतात, ते शिव्या देतात, आणि वनखात्यात माझ्या टेबलावर दोन्हीकडच्या तक्रारी येऊन पडतात. आता आपल्या वाटेपुरता हा कायदा ऑक्टोबरपर्यंत सैल केला आहे. चालणारे आणि सायकलवाले, दोघांनाही मोकळीक, पण दिशा ठरवून. चालणारे ओढ्याच्या बाजूने चढतील आणि बीचच्या झाडांच्या रानातून उतरतील. सायकली उलट, बीचच्या रानातून चढून ओढ्याकडे उतरतील. म्हणजे कुणाच्याही पाठीमागून कुणी येणार नाही, सगळे समोरासमोर भेटतील. माणसं एकमेकांचा चेहरा बघतात तेव्हा निम्मं भांडण तिथेच संपतं, असं मला खरंच वाटतं. तू हसशील. हस.

एकच अडचण आहे. काकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्या वाटेवर झाडांवरचा खुणेचा प्रत्येक पिवळा चौकोन त्यांनी रंगवलेला आहे, ते मंडळाच्या वाटांचे राखणदार आहेत, हे सगळं मला माहीत आहे. म्हणूनच जमलं नाही. नोटीस या आठवड्यात गावात लागेल. त्याआधी तू त्यांच्या कानावर घाल, तुझ्या पद्धतीने.

तुझी
डोर्ले


हिंटरटाल, १८ मे

डोर्ले, पोरी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. नोटीस सोमवारीच लागली होती. त्यामुळे तुझ्या काकाला ही बातमी पाववाल्याच्या बायकोकडून कळली, तीही दुकान भरलेलं असताना. घरी आला, पाव टेबलावर ठेवला आणि मला म्हणाला, आपली डोर्ले आता सरकार झाली.

शुक्रवारी खानावळीत मंडळाची सभा झाली. एगोन अध्यक्षाच्या खुर्चीत बसून म्हणाला की पोरीने आमचा केक उलटा केला. तुला ठाऊकच आहे, आपलं मंडळ जन्मापासून बीचच्या रानातून चढतं, माथ्यावरच्या लाकडी घरात कॉफी आणि केक घेतं आणि पोट भरल्यावर ओढ्याने हळूहळू खाली येतं. आता आम्ही ओढ्याने चढायचं म्हणजे केक मिळेपर्यंत निम्मे मरणार, असं त्याचं म्हणणं. सगळे हसले. मीही हसले. तरी हात वर झाले ते तुझ्याच बाजूने. शेवटी त्यांना तू लहानपणापासून माहीत आहेस, आणि गावातली शिकलेली पोर काहीतरी करते आहे याचं त्यांना कौतुक आहे.

तुझ्या काकाने, वेंडेलिनने, हात वर केला नाही. तो उठला, रंगाचा डबा आणि कुंचले एगोनसमोर ठेवले आणि बाहेर गेला. तेव्हा कुणीतरी म्हणालं, आता आपण रानात हरवणार. त्यावरही लोक हसले. तेवढं हसायला नको होतं.

घरी मी त्याला म्हटलं, पोरीने चांगल्या मनाने केलं आहे. तो म्हणाला, "तिनं मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं."

 यावर तुला उत्तर सुचलं तर त्याला लिही.

आत्या


नॉयकिर्श, २२ जून

प्रिय आत्या,

मी काकांना दोन वेळा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा पत्र अर्जासारखं झालं, म्हणून फाडलं. फोन केला तर ते माझा आवाज ऐकून ठेवून देतात. त्यांच्या बाबतीत मी चुकले, हे मला मान्य आहे. पण वाट चुकीची नाही.

गेल्या रविवारी मी दिवसभर तिथे उभी होते. खालच्या गावचं एक म्हातारं जोडपं ओढ्याने चढत होतं आणि वरून सायकलवाल्यांची टोळी आली. चिखलाने माखलेली, कानात बाळ्या घातलेली मुलं. त्यांनी ब्रेक लावले, एका बाजूला झाले. आजींनी त्यांना विचारलं, एवढी घाई कसली, खाली काय जेवण वाढून ठेवलंय? मुलगा म्हणाला, हो आजी, आईने. आणि सगळे हसले. मी झाडामागे जाऊन डोळे पुसले. हे ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

आता वाईट ते सांगते. बुधवारी ओढ्याकडच्या उतरणीवर, वळण संपतं तिथे, फांद्यांचा ढीग टाकलेला होता. एक सायकलवाला पडला, गुडघे सोलले. माझे साहेब, ब्रेनआयझन, फांद्या बघून म्हणाले की वाऱ्याने पाडलेल्या फांदीला कुऱ्हाडीचा घाव नसतो. पुन्हा असं झालं तर ते वाट बंद करतील.

माथ्यावर तुझा चेरीचा केक दोन रविवार नव्हता. सगळे विचारत होते. तू का आली नाहीस? आणि काका सकाळी कुठे जातात, हे मी विचारत नाही. म्हणजे, विचारतेच आहे.

डोर्ले


हिंटरटाल, २९ जून

डोर्ले,

मी तळघराच्या पायरीवरून घसरले. बटाटे आणायला गेले होते, वय विसरून. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत अंग जांभळं पडलं आहे, आता कडेने पिवळं व्हायला लागलंय. हाड शाबूत आहे. काळजी करू नकोस आणि एवढ्यासाठी धावत येऊ नकोस. केक तेवढा राहिला.

फांद्यांचं मला काही माहीत नाही. रानात फांद्या असायच्याच. वेंडेलिन सकाळी माझ्यासाठी कॉफी करतो, मला उठवून खुर्चीत बसवतो, चूल पेटवतो. तो कुठे जाणार?

त्याचं बोलणं मात्र कमी झालंय. संध्याकाळी बाकावर बसून रानाकडे बघत राहतो. मी म्हटलं, इतकं बघू नकोस, रान लाजेल. पूर्वी या बोलण्यावर तो तोंडातल्या तोंडात हसायचा.

तू तुझं काम कर. तुझ्या बापाचे कान करवतीच्या गिरणीत गेले आणि फुप्फुसात भुसा भरला. तो गेला तेव्हा तू एवढीशी होतीस. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं आणि तू विद्यापीठातून टोपी घालून बाहेर आलीस. तुझी वाट ऑक्टोबरपर्यंत टिकायला हवी. बाकी आमचं आम्ही बघू.

आत्या


नॉयकिर्श, ३ ऑगस्ट

प्रिय आत्या,

ही गोष्ट तू उद्या वर्तमानपत्रात वाचशील. पूर्ण माझ्याकडून कळावी म्हणून लिहिते आहे.

काल सकाळी ओढ्याकडच्या उतरणीवर कुणीतरी तार ताणली होती. दोन फरच्या झाडांमध्ये, सायकलवर बसलेल्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर. टिल नावाचा मुलगा त्यात सापडला. तो मुलांना पोहायला शिकवतो. तारेच्या जरा आधी एक हरिणी आडवी आली म्हणून त्याने ब्रेक दाबले होते, एवढ्यावर तो वाचला. जबड्यापासून गळ्याच्या हाडापर्यंत कापलं आहे. मी दवाखान्यात गेले होते. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने माझ्या हातावर बोटाने लिहिलं, का.

वाट बंद केली आहे. पोलिसांनी तार काढली तेव्हा मी तिथे होते. एक टोक झाडाला पक्कं बांधलेलं होतं. दुसऱ्या टोकाला फास होता आणि समोरच्या झाडावर खुंटी. म्हणजे तार एरवी पाल्याखाली पडून राहायची, कुणी त्यावरून चालत गेलं तरी कळायचं नाही. सायकली यायच्या वेळी ओढून खुंटीला अडकवायची, नंतर पुन्हा खाली सोडायची. हे एका दिवसाच्या रागातून होत नाही, आत्या. यासाठी माणूस विचार करत बसलेला असतो.

आणि दोन्ही झाडांवर, तार जिथे टेकत होती तिथे, आगीच्या बंबाच्या जुन्या कॅनव्हास पाईपचा तुकडा घातलेला होता. झाडाची साल कापली जाऊ नये म्हणून.

पोलिसाने विचारलं, असं बांधणारं कुणी तुमच्या माहितीत आहे का? मी म्हणाले, विचार करून सांगते. ज्या माणसाला दुसऱ्याचा गळा दिसला नाही, त्याला झाडाची साल दिसली. असं कोण बांधतं ते मला माहीत आहे. काका फलक बांधायचे तेव्हा पाईपचे तुकडे त्यांच्या हातात देण्याचं काम माझं असायचं.

मला तूच सांग की मी चुकते आहे.

डोर्ले


हिंटरटाल, ७ ऑगस्ट

डोर्ले,

तू चुकते आहेस.

मंडळातला प्रत्येक माणूस फलक तसाच बांधतो. वेंडेलिननेच सगळ्यांना शिकवलं आहे. एगोन तसा बांधतो, त्याचा भाऊ तसा बांधतो, मीसुद्धा बागेतल्या सफरचंदाला तसाच टेकू बांधला आहे. मग आम्हा सगळ्यांना बेड्या घाला. बंबाचा जुना पाईप अर्ध्या गावाच्या घरात आहे. नवा बंब आला तेव्हा तो वाटूनच टाकला होता.

तुझा काका त्या दिवशी घरी होता. त्याने तुला खांद्यावर बसवून ते रान दाखवलं. त्यानेच केलं असं तू सरळ लिहिलं नाहीस, तेवढी तरी लाज राहिली म्हणायची.

थोडे दिवस इकडे येऊ नकोस.

हेडविग


हिंटरटाल, २० ऑगस्ट

डोर्ले,

शनिवारी तू आलीस, दार वाजवलंस, खिडकीखालून हाका मारल्यास. मी जिन्यात उभी होते. वेंडेलिनने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली आणि मी दार उघडलं नाही. तू परत गेलीस तेव्हा तुझ्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकत राहिले. तुझ्यासाठी बंद असलेलं दार या घराला कधी नव्हतं.

आज तो एगोनकडे गवत कापायला गेला आहे. फोन करू शकले असते, पण त्यावर मला हे नीट बोलता येणार नाही. पाववाल्याच्या गाडीतून पत्र देते, तो दुपारी नॉयकिर्शला जातो.

तो त्या दिवशी घरी नव्हता. कॉफी करून गेला आणि नऊनंतर आला. मी तुला खोटं लिहिलं.

तू आलीस त्यानंतर मी अवजारांच्या खोलीत गेले. पाईपची गुंडाळी खिळ्याला टांगलेली होती. सगळी मळकी, पण टोकाशी नुकती कापलेली, कड पांढरीशुभ्र. खाली लाकूड कापायच्या घोडीवर कापताना उडालेले धागे होते. स्वयंपाकघरातली पाव कापायची फळी तिथे नेऊन तिच्यावर माप करून कापलं असावं, कारण फळीवर चार खुणा आहेत. तुमच्या झाडांवर दोन तुकडे सापडले. चार कापले होते, डोर्ले. अजून एक तार रानात आहे.

मी त्याला जेवताना विचारलं, दुसरी कुठे आहे. तो सूप पीत राहिला. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "वाट बंद आहे ना? मग कुणाला काय होणार आहे?" आता म्हणे येत्या रविवारी तुमचे साहेब वाट पुन्हा उघडणार, पोरंबाळं घेऊन सगळ्या गावांचे लोक सायकलवर फिरणार, गावप्रमुख भाषण करणार, आम्ही भीत नाही म्हणून. हे वेंडेलिननेही वाचलं. वर्तमानपत्राची घडी घालून त्याने ते खिशात ठेवलं. तेव्हापासून मला झोप नाही.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकते. मी तळघरात पडले नव्हते. जूनमध्ये ओढ्याच्या उतरणीवर मला सायकलने पाडलं. मागून आली. चष्मा लावलेला पोरगा होता. माझ्याजवळ बसून तोच रडायला लागला, मीच त्याची समजूत काढून त्याला पाठवून दिलं. तुला कळलं असतं तर तुझी वाट बंद झाली असती, म्हणून मी पायरीची गोष्ट रचली. वेंडेलिनला मात्र खरं सांगितलं. निदान मी तसं समजत होते. त्याने विचारलं, मागून आली? मी हो म्हटलं. एवढंच म्हटलं. मी कुठल्या दिशेने चालले होते ते मी त्याला सांगितलं नाही.

मी उलटी चालत होते. केक खाल्ला, डबा उचलला आणि पायांना सवय आहे तशी ओढ्याकडे उतरले. तू लावलेला दिशेचा बाण मी पाहिला होता. माझ्या मनात आलं, मला कोण बाण दाखवणार. पोरगा बरोबर होता. मी चुकीची होते.

हे मी वेंडेलिनला अजून सांगितलेलं नाही. तू त्याला तारेबद्दल लिही. मी बोलले हे त्याला कळलं तरी चालेल. पण मी उलटी चालत होते, एवढी एक गोष्ट माझ्यासाठी ठेव.

आत्या


नॉयकिर्श, २२ ऑगस्ट

प्रिय वेंडेलिन काका,

तुम्ही फोन ठेवता, दार उघडत नाही, म्हणून लिहिते. हे पत्र तुम्ही फाडाल, पण फाडायच्या आधी वाचाल, हे मला माहीत आहे. तुम्ही कागद वाचल्याशिवाय जाळत नाही.

दुसरी तार आहे हे मला कळलं आहे. आत्याने सांगितलं. तिच्यावर रागावू नका. तिला सायकलने पाडलं हेही मला याच आठवड्यात कळलं. जूनमध्ये कळलं असतं तर मी स्वतः जाऊन वाट बंद केली असती. तुम्ही मला सांगायला हवं होतं. मीही तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. माझी चूक तुमच्या चुकीच्या आधीची आहे, पण ती तुमच्याएवढी नाही.

टिलच्या गळ्यावरचे टाके काढले आहेत. आता तो बोलतो, थोडा घोगरा. आत्याला पाडणारा तो नव्हे. त्याने तुमचं काहीही बिघडवलेलं नव्हतं.

साहेबांना मी सांगितलं की दुसरी तार असू शकते. त्यांनी विचारलं, कशावरून? तुमचं नाव मी घेतलं नाही. ते म्हणाले, पोलीस दोनदा फिरून आले आहेत, तू जरा झोप काढ. तार पाल्याखाली पडलेली असेल तर पोलिसांना ती दहा वेळा फिरूनही दिसणार नाही. तुमच्याशिवाय कुणालाच दिसणार नाही.

सोमवारी सकाळी मी पोलिसांना तुमचं नाव सांगणार आहे. ते ठरलं आहे, त्यावर बोलणं नको. आज सांगितलं तर ते आजच तुम्हाला घेऊन जातील, तुम्ही तोंड मिटून बसाल आणि तार रानातच राहील. तुम्हाला मी ओळखते. म्हणून रविवारपर्यंत थांबले आहे.

रविवारी दहाला लोक जमतील. फाटकाची किल्ली माझ्याकडे आहे. त्याआधी, उजाडल्यावर, मी एकटी फाटक उघडून आत जाईन. सायकलवर. बीचच्या रानातून चढेन आणि ओढ्याकडे उतरेन. माझ्याआधी कुणी जाणार नाही. मी खाली सुखरूप पोचले नाही तर फाटक उघडायला कुणी नसेल.

तुम्हाला वाटेल मी धमकी देते आहे. मला दुसरं काही सुचत नाही, काका.

डोर्ले


रविवार, सकाळ

डोर्ले, हे पाववाल्याच्या हाती फाटकाशी पाठवते आहे, तुला वेळेवर मिळो.

पत्र त्याने काल वाचलं, दोनदा, आणि मीही त्याच्या खांद्यावरून वाचलं. मग घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं.  आत्ता जाग आली तर पलंग थंड आहे. बूट नाहीत. पक्कड जागेवर नाही. तो तार काढायला गेला की लावायला, मला सांगता येत नाही. चाळीस वर्षं ज्याच्याशेजारी झोपले त्याच्याबद्दल मला हे सांगता येत नाही.

जाऊ नकोस. किंवा चालत जा. सायकलवर बसू नकोस.

आत्या


नॉयकिर्श, २४ ऑगस्ट, संध्याकाळ

प्रिय आत्या,

तुझी चिठ्ठी मला मिळाली, पण खाली आल्यावर. पाववाला पोचला तेव्हा मी रानात शिरले होते.

हे पत्र मिळेल तोवर काका घरी आलेले असतील. पोलिसांनी जबाब घेतला, पुढचं न्यायालयात. ते तुला फार काही सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

मी बीचच्या रानातून चढले. चढणीवर काही वाटलं नाही, दम लागला की विचार येत नाहीत. माथ्यावर पोचले. लाकडी घर बंद होतं, बाकांवर दव होतं. पुढे उतरण. मी सीटवर बसले, हात ब्रेकवर ठेवले आणि ते सुटेचनात. स्वतःला सांगितलं, तू लिहिलं आहेस, आता जा. नाही जमलं. पत्रात मी जेवढी धीट होते तेवढी मी नाही. उतरले आणि सायकल हातात धरून, एकेक पाऊल बघत चालायला लागले.

दुसऱ्या वळणाच्या खाली काका होते. वाटेच्या मधोमध, माझ्याकडे तोंड करून. ओढ्याने चढून आले होते. मागे फरच्या झाडाला तार बांधलेली होती, बाकीची पाल्यावर पडली होती. हातात पक्कड होती. मला सायकल हातात धरून येताना पाहिलं आणि म्हणाले, "उतरलीस? बरं केलंस."

मग म्हणाले, "मी ती वर ओढायला आलो नव्हतो."

मी म्हणाले, माहीत आहे. मला माहीत नव्हतं, आत्या. ती तार आधी वर होती आणि माझी चाहूल लागल्यावर खाली आली, की ती पहिल्यापासून खालीच होती, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

 गाठ पक्की होती आणि पक्कड सटकत होती. एकदा बोटाला लागलं. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "धर इकडून, नाही तर उसळेल." मी सायकल टाकली आणि तार दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्यांनी कापली. पाईपचा तुकडा सालीला चिकटला होता, तो नखांनी खरवडून काढला. मग तारेची गुंडाळी केली, फलकाच्या तारेची करायचे तशी, व्यवस्थित.

आम्ही मिळून खाली आलो. फाटकाशी माणसं जमली होती, मुलांच्या सायकलींना फुगे बांधलेले होते, गावप्रमुख कागद हातात घेऊन उभे होते. एगोनने काकांना बघून हात वर केला आणि म्हणाला, आलास का शेवटी, रुसवा गेला वाटतं. मग त्याला तारेची गुंडाळी दिसली. हात तसाच वर राहिला. काका त्याच्या शेजारून पुढे गेले, पोलिसाच्या मोटारीपाशी थांबले आणि गुंडाळी मोटारीच्या टपावर ठेवली. मी पुढे होणार तेवढ्यात त्यांनी मला अडवलं. म्हणाले, तू नको, माझं नाव मला सांगता येतं.

फेरी झाली नाही. साहेब म्हणाले, वाटेची परवानगी बहुधा रद्द होईल. टिलही आलेला होता, मफलर गुंडाळून. तो काकांकडे बघत राहिला. काकांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

तू चुकीच्या दिशेने चालत होतीस, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. पण हे न्यायालयात निघेल. तो चष्मेवाला मुलगा पुढे येईल, किंवा कुणीतरी विचारेल. त्यांना ते अनोळखी माणसाच्या तोंडून कळायला नको. नोटिशीच्या वेळी आपण तेच केलं होतं.

डोर्ले


हिंटरटाल, ३१ ऑगस्ट

डोर्ले, पोरी,

आठवडाभर मी वेळ शोधत होते. वेळ काही सापडत नसते, हे मला ठाऊक आहे, तरी शोधत होते. सोमवारी त्याचं डोकं दुखत होतं. मंगळवारी एगोन आला, टोपी हातात धरून दारात उभा राहिला, हवापाण्याचं बोलला आणि गेला. बुधवारी वकिलाचा फोन. नंतर नुसताच पाऊस.

आज न्याहारीला सांगितलं. तो पाव कापत होता. मी म्हटलं, वेंडेलिन, त्या दिवशी मी केक खाऊन ओढ्याकडे उतरत होते. बाण मी पाहिला होता. पोरगा बरोबर दिशेने येत होता.

त्याने सुरी खाली ठेवली नाही. पावातच राहिली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, आता तो ओरडेल. वाटलं, म्हणेल की हे तू जूनमध्ये सांगितलं असतंस तर त्या मुलाचा गळा शाबूत राहिला असता. हे तो म्हणाला असता तर खरंच होतं. मी रोज रात्री स्वतःला तेच म्हणते.

तो तसलं काही म्हणाला नाही. म्हणाला, "हेडविग, तू मला भीत होतीस?"

मी नाही म्हटलं असतं तर त्याने मानलं असतं. त्याला मानायचंच होतं, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. या घरात आणखी एक खोटं सहज मावलं असतं, डोर्ले, जागा होती.

मी हो म्हटलं. जूनपासून, म्हटलं.

त्याने पाव कापला आणि तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. मग दुसरा कापला, तोही माझ्याच ताटलीत ठेवला. मग सुरी पुसली, फळीवर ठेवली, आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून टेबलापाशी तसाच उभा राहिला. मी म्हटलं, बस. तो माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसला.

आत्या